निळाच राहिलेला स्नायू

१

गुरुवारी सकाळी नऊच्या सुमारास विद्यावतीला कळून चुकलं, की आपल्या लॅबमध्ये कुणीतरी मुद्दाम घात केला आहे.

१९८४ सालचा ऑगस्ट होता, म्हणजे विषुववृत्ताच्या दक्षिणेच्या त्या बेटावर हिवाळा. पठारावरच्या त्या इस्पितळाला हिवाळाभर धुकं सोडत नसे. लॅबची इमारत सगळ्यांत मागे, जुन्या काळ्या दगडाची. तिथे दिवसासुद्धा दिवे लावावे लागत. खालच्या उतारांवर तोडणीआधी ऊस पेटवत होते आणि जळक्या पातीचे काळे तुकडे धुक्यातून आवाज न करता उतरून खिडकीच्या ओल्या काचेला चिकटत होते.

सूक्ष्मदर्शकाखाली सुनयनाची गाठ होती. सुनयना सात वर्षांची, दक्षिण किनाऱ्यावरच्या सूयाक गावच्या एका कोळ्याची मुलगी. तिच्या मांडीत लिंबाएवढी गाठ आली आणि तीन आठवड्यांत ती संत्र्याएवढी झाली. काढलेल्या तुकड्यात लहान, गोल, एकसारख्या पेशी दिसत होत्या. अडचण अशी, की दोन वेगवेगळ्या कर्करोगांच्या पेशी अगदी अशाच दिसू शकतात. एक लसिकाग्रंथींचा, दुसरा स्नायूंचा. दोघांची औषधं वेगळी. चुकीचं औषध दिलं तर पोरीचे महिने वाया जाणार, आणि तिच्याजवळ फार महिने नव्हते.

नेहमीच्या रंगांना हा फरक कळत नाही. त्यासाठीच दोन महिन्यांपूर्वी फ्रान्सहून दोन इवल्याशा बाटल्या आल्या होत्या. त्यांत सशाच्या रक्तातून काढलेलं द्रव होतं, आणि ते शरीरातलं एकेकच प्रथिन हुडकून काढत असे. एक बाटली डेस्मिन शोधायची, दुसरी मायोग्लोबिन. दोन्ही प्रथिनं स्नायूंची. पेशीत ते प्रथिन असेल तर पेशी तपकिरी होते, नसेल तर निळी राहते. विद्यावती हे तंत्र लंडनला नऊ महिने राहून शिकून आली होती. सबंध बेटावर ते येणारी ती एकटीच.

सुनयनाच्या दोन्ही स्लाइडवर सगळं निळं होतं. मुख्य डॉक्टर राधाकृष्णांनी कालच निकाल देऊन टाकला होता: स्नायूचा नाही, म्हणजे लसिकाग्रंथींचा. शुक्रवारी बाराला ते अहवालावर सही करणार होते. शनिवारपासून औषध.

विद्यावतीनं सवयीनं स्लाइड पार कडेपर्यंत सरकवली. तिथे गाठीबरोबर कापला गेलेला मुलीचा निरोगी स्नायू होता. आडव्या रेघांचा, ओळखू येण्यात काही चूकच नाही असा. तो कॉफीसारखा तपकिरी दिसायला हवा होता.

तोही निळाच होता.

तिनं डोळे मिटले, उघडले, पुन्हा पाहिलं. धडधाकट स्नायूमध्ये स्नायूचं प्रथिन नाही, असं ती स्लाइड सांगत होती. असं होऊच शकत नाही. म्हणजे कालचा निकाल हा निकालच नव्हता. बाटलीतलं द्रव मेलेलं होतं.

पण प्रत्येक खेपेला सोबत साक्षीची एक स्लाइड रंगवायची असते. तिच्यावर शवविच्छेदनात घेतलेला स्नायू आहे हे आधीच ठाऊक असतं, म्हणून ती तपकिरी झालीच पाहिजे. विद्यावतीनं ती शोधून काढली. मंगळवारची तारीख, तीच बाटली. आणि स्लाइड अशी सुरेख तपकिरी, की पुस्तकात छापावी.

एकाच दिवशी त्याच बाटलीनं एका मृत माणसाचा स्नायू ओळखला होता आणि जिवंत मुलीचा ओळखला नव्हता.

२

मंगळवारचं काम प्रेमचंदनं केलं होतं. प्रेमचंद सव्वीस वर्षांचा तंत्रज्ञ, हुशार आणि घाईचा. तो नेहमी बेटावरच्या क्रेओल बोलीतच बोलत असे. पुढच्या वर्षीची लंडनची जागा आपल्याला मिळावी म्हणून त्याची धडपड चालली होती.

"साक्षीची स्लाइड तू स्वतः रंगवलीस?" विद्यावतीनं विचारलं.

"हो, मिस."

"मंगळवारी?"

प्रेमचंद हातातलं झाकण फिरवत राहिला. दालनातून कुणाच्या तरी पायांचा आवाज जवळ आला आणि दाराशी थांबला. मग पुढे गेला नाही, मागेही गेला नाही.

"आधीच्या बुधवारची आहे," प्रेमचंद अखेर म्हणाला. "मी फक्त तारीख बदलली. द्रव एवढं महाग. दर वेळी एक थेंब साक्षीवर घालवायचा? बाटली चांगली होती, मिस. बुधवारी तर चांगली होती."

"आणि मंगळवारी नव्हती."

त्याचा चेहरा उतरला. त्याला तेव्हा कुठे कळलं, आपण काय केलं ते.

विद्यावतीनं फ्रीज उघडून दोन्ही बाटल्या दिव्यासमोर धरल्या. द्रव पाण्यासारखं नितळ असायला हवं होतं. ते किंचित दुधट झालं होतं. त्याच फळीवरच्या बाकीच्या बाटल्या स्वच्छ होत्या. लेबलं सुरकुतली होती, आणि दोन्ही बाटल्यांच्या बुडाशी पांढरट कडं होतं. तिनं नखानं खरवडलं. मेण.

लॅबमध्ये मेण एकाच ठिकाणी पातळ असतं. मेणाच्या खोलीतल्या ओव्हनमध्ये, साठ अंशांवर. शरीराचे तुकडे तिथे मेणात बसवून ठोकळे करतात, म्हणजे ते वर्षानुवर्षं टिकतात. या बाटल्या कुणीतरी त्या ओव्हनमध्ये ठेवल्या होत्या, तासन्‌तास, आणि मग पुसून निमूटपणे फ्रीजमध्ये परत ठेवल्या होत्या. ओतून टाकल्या असत्या तर लगेच समजलं असतं. हे कुणालाच समजू नये अशी योजना होती.

ती वळली, तर दारात बाबूराव उभा होता.

बाबूराव लॅबचा जुना मदतनीस. साठीला आलेला, सडसडीत, ग्रां बुआ गावचा. नऊ वर्षं तो इथे मेण भरत होता, बरण्या धूत होता आणि कामापुरतं बोलत होता. त्याच्या हातात चहाचा कप होता.

"बाय, थंड होतोय," तो म्हणाला. त्याची नजर बाटल्यांवर होती. मग त्यानं हळू विचारलं, "हे रंग जुन्या ठोकळ्यांसाठीच आणले होते ना?"

"सगळ्यांसाठी, काका. कालच्या पोरीसाठीसुद्धा."

बाबूरावनं मान हलवली आणि कप टेबलावर ठेवला. तो गेल्यावर विद्यावतीनं पाहिलं, अर्धा चहा बशीत सांडला होता.

३

डॉक्टर राधाकृष्ण डिसेंबरात निवृत्त होणार होते. पस्तीस वर्षांत त्यांनी डोळ्यांनी पाहून हजारो निदानं केली होती, आणि डोळ्यांपेक्षा बाटलीवर विश्वास ठेवणाऱ्यांबद्दल त्यांचं मत चांगलं नव्हतं. विद्यावतीनं सगळं सांगितलं. ते स्लाइडच्या कडेला बराच वेळ डोळा लावून बसले.

"निळा," ते म्हणाले. "मी कड पाहिलीच नाही."

"सर, फ्रीजची किल्ली तिघांकडे आहे. माझ्याकडे, प्रेमचंदकडे आणि तुमच्याकडे. आणखी एक खिळ्याला लटकते. ती कुणीही घेऊ शकतं."

"म्हणजे मी संशयित आहे."

तो संशय तिला येऊन गेला होता. गेल्या शुक्रवारी तिनं फलकावर एक यादी लावली होती: गेल्या पंधरा वर्षांतल्या अकरा जुन्या गाठी, ज्या नव्या बाटल्यांनी पुन्हा तपासायच्या. अकराही निदानं राधाकृष्णांची. त्यांनी त्या यादीला विरोध केला होता. मेलेल्यांना पुन्हा कशाला उठवता, असं सगळ्यांदेखत म्हणाले होते.

"मिस विद्यावती," ते चष्मा पुसत म्हणाले, "त्या अकरांत मी कुठेतरी चुकलो असेन. चुकलो नसेन तर नवलच. पण ते लपवायचं असतं तर मी बाटल्या मारल्या नसत्या. बाटल्या पुन्हा मागवता येतात. मी ठोकळे नाहीसे केले असते. अकराच्या अकरा."

हे तिला पटलं. आणि त्याच क्षणी तिला दुसरं काहीतरी सुचलं. ती उठून ठोकळ्यांच्या कपाटाकडे गेली.

कपाट दालनाच्या टोकाला होतं. एकेक छोटा खण, खणात वर्षावर्षांचे ठोकळे, प्रत्येकात कुणाच्या तरी शरीराचा नखाएवढा तुकडा. विद्यावतीनं यादी हातात घेऊन एकेक आकडा जुळवला. दहा ठोकळे जागेवर होते.

अकरावा, १९७१ सालचा, तीनशे अठरा, तिथे नव्हता. शेजारच्या ठोकळ्यांवर धूळ होती. त्या एका जागेवर नव्हती.

अकरांपैकी एकच. म्हणजे हे डॉक्टरांच्या नावासाठी झालेलं नव्हतं. प्रेमचंदचा तर जुन्या ठोकळ्यांशी संबंधच नव्हता. तो तेव्हा शाळेत असेल. कुणाला तरी या एकाच माणसाची गाठ कुणी पुन्हा पाहू नये असं वाटत होतं.

ती मागे वळून डॉक्टरांना म्हणाली, "सर, एकाहत्तरचा तीनशे अठरा?"

ते दारापर्यंत आले होते. त्यांनी क्षणभर आठवलं. "त्याचा ठोकळा नसेल तरी अडायचं नाही. त्याचा पाय आहे ना, बरण्यांच्या खोलीत."

४

बरण्यांच्या खोलीत कुणी आपणहून जात नसे. परिचारिका शिकायला असताना तिथे एकदा नेल्या जात आणि त्यानंतर ती खोली टाळत. तिथला एक पाय फिरतो, असं त्या म्हणत. सकाळी बोटं खिडकीकडे असतात आणि संध्याकाळी दाराकडे. विद्यावती शास्त्र शिकलेली बाई होती. पण तिनंही येता-जाता दाराच्या काचेतून दोन-तीनदा पाहिलं होतं, आणि बोटं खरोखरच एकदा इकडे, एकदा तिकडे होती. तिनं तो विषय मनातून काढून टाकला होता.

आता तिनं दार ढकललं.

आत फॉर्मेलिनचा डोळ्यांना झोंबणारा वास होता, आणि त्याच्याखाली दुसराच एक वास, मंद. कापूर. खिडकीबाहेर धुकं एवढं दाट होतं की खोली पाण्याखाली गेल्यासारखी वाटत होती. फळ्यांवर ओळीनं बरण्या होत्या. एक मूत्रपिंड, एक वाकडा मणका, नाव न ओळखता येणारे गोळे. बहुतेक बरण्यांतलं पाणी पिवळं पडून अर्ध्यावर आलं होतं आणि काचांवर बोट बुडेल एवढी धूळ होती.

एक उंच बरणी सोडून.

तिची काच लख्ख होती. पाणी गळ्यापर्यंत भरलेलं, नितळ. आत गुडघ्याखालून कापलेला एक उजवा पाय उभा होता. कोवळा, पोरसवदा. पोटरीवर चिरेची खूण. नखं कापलेली होती. बरणीवर आकडा होता: ३१८/७१.

बोटं खिडकीकडे होती.

तिनं बरणीला हात लावला नाही. ती दारापर्यंत मागे सरकली आणि दालनात आली. तिच्या मनात एक गोष्ट स्पष्ट होत होती. भुताला धूळ पुसायला लागत नाही. फॉर्मेलिन भरणारा माणूस या इमारतीत एकच होता. मेण भरणाराही तोच.

पण का? हे कळल्याशिवाय तोंड उघडणं तिला बरं वाटेना. तिनं जुनी नोंदवही काढली. एकाहत्तर साल, तीनशे अठरा. नाव जयराम. आडनावाच्या जागी, बेटावरच्या रिवाजाप्रमाणे, आजोबांचं नाव: रामजी. वय चौदा. गाव ग्रां बुआ. उजवी पोटरी. निदान, स्नायूचा कर्करोग. पाय काढला.

बाबूरावचं आडनाव तिनं कधी विचारलं नव्हतं. नऊ वर्षांत कुणीच विचारलं नसावं. ती हजेरीपटाशी गेली. सगळ्यांच्या सह्या फ्रेंच वळणाच्या. एकच देवनागरीत होती, सावकाश, अक्षर अक्षर सुटं काढलेली.

बाबूराव रामजी.

५

ती परत आली तेव्हा तो बरण्यांच्या खोलीतच होता. दुपारचे तीन वाजले असतील, पण उजेड संध्याकाळचा वाटत होता. उंच बरणी दोन्ही हातांत धरून तो ती अगदी हळू फिरवत होता, आतलं पाणी हिंदकळू नये अशी. बोटं दाराकडे आली तेव्हा विद्यावती समोर उभी होती.

बाबूराव दचकला नाही. "सकाळी उन्हाकडं करतो," तो म्हणाला. "तिन्हीसांजेच्या आधी दाराकडं. दिवसभर एकाच भिंतीकडं बघून जीव कंटाळतो."

"जयराम तुमचा कोण, काका?"

"पोर."

तो खालच्या फळीच्या कडेवर टेकला. विद्यावती दारातच थांबली.

"पोटरीला गाठ आली, तीन हप्त्यांत एवढी झाली," तो म्हणाला. "दोकतेर बोलला, पाय नाय काढला तर पोर जाईल. जयराम ऐकंना. उसात जाऊन लपला. मी दिवसभर हुडकला. गावला तेव्हा केसांना धरून बाहेर काढला. बाबा, दुखत पण नाय आता, असं सांगत होता. मी नाय ऐकला. कागदावर सही मी केली."

"मग?"

"तीन वर्सं कुबडीवर काढली. माझ्याशी बोलला नाय. चौऱ्याहत्तर साली एक रोज सूयाकला गेला, ग्री-ग्रीच्या कड्यावर. तिथं खडकांची आड नाय, दर्या सरळ येऊन आदळतो. कुबडी मिळाली. बाकी काय मिळाला नाय." त्यानं बरणीकडे पाहिलं. "अग्नी द्यायला एवढंच राहिलं होतं, आणि ते इथं होतं. मागायला आलो तर कारकून बोलला, सरकारी वस्तू हाय. मग काम मागितलं. ते दिलं."

बाहेर एक काळी पात काचेला चिकटली आणि हळूहळू घसरत खाली गेली.

"तुझी यादी वाचली, बाय. तो आकडा मला पाठ हाय. प्रेमचंद सांगत होता, ह्या बाटल्या खरं-खोटं काढतात. रोग होता का नव्हता ते आता कळेल. होता असं निघालं तर ठीक. पण नव्हता असं निघालं तर? केसांना धरून मी काढला त्याला. मी."

"म्हणून यादी लागल्यावर बाटल्या ओव्हनमध्ये ठेवल्यात."

"शनिवार, रविवार. सोमवारी काढल्या. ठोकळा पण घेतला." त्यानं सदऱ्याच्या आतल्या खिशातून फडक्यात गुंडाळलेला मेणाचा ठोकळा काढला. पण पुढे केला नाही. "पोरीचं मला ठावं नव्हतं. जुन्यांसाठीच समजलो. बुधवारी तिची आय दालनात रडत होती तेव्हा समजलं. तरी सकाळी तुला विचारलं, तू जुन्यांसाठीच म्हणशील या आशेनं."

"बुधवारी समजलं, आणि आज गुरुवार आहे."

विद्यावतीचा आवाज तिला स्वतःलाच परका वाटला. बाबूरावनं मान खाली घातली.

"कुणी विचारलं असतं तर सांगितलं असतं," तो म्हणाला, आणि मग स्वतःच मान हलवली. "नाय. नसतं सांगितलं."

ती रागानं बोलणार होती. पण समोर बसलेल्या माणसाच्या मांडीवर तो ठोकळा होता आणि त्याचा अंगठा ठोकळ्याच्या कडेवरून पुन्हा पुन्हा फिरत होता, जसा कुणी झोपलेल्या मुलाच्या कपाळावरून फिरवावा.

"नव्या बाटल्या यायला सहा आठवडे लागतील, काका," ती एवढंच म्हणाली. "तेवढा वेळ तिच्याजवळ नाही. उद्या बाराला डॉक्टर काय लिहिणार, मला माहीत नाही."

मागून कुणीतरी खाकरलं. प्रेमचंद होता. त्यानं किती ऐकलं होतं कोण जाणे. त्याचे कान लाल झाले होते.

"मिस," तो क्रेओलमध्ये म्हणाला, "माझ्याकडे थोडं आहे."

६

आधीच्या बुधवारी विद्यावतीनं डेस्मिनचं द्रव पातळ करून दिलं होतं. त्यातलं उरलेलं प्रेमचंदनं फेकलं नव्हतं. लंडनच्या परीक्षेआधी गुपचूप हात बसवावा म्हणून रक्तपेढीच्या फ्रीजमध्ये एका नळीत ठेवलं होतं. शनिवारी ओव्हनमध्ये बाटल्या गेल्या तेव्हा ही नळी दुसऱ्याच इमारतीत होती.

"एक स्लाइड होईल," विद्यावती नळी उजेडात धरून म्हणाली. "दुसरी नाही."

तिनं सुनयनाच्या ठोकळ्याचा पातळ काप घेतला. निरोगी स्नायूची कड त्यातच होती, तेव्हा वेगळ्या साक्षीची गरज नव्हती. स्लाइडवर अर्धी जागा उरली. एका थेंबाखाली दोन लहान काप शेजारी शेजारी बसू शकतात. ती थोडा वेळ त्या रिकाम्या काचेकडे पाहत राहिली. मग उठून मेणाच्या खोलीत गेली.

बाबूराव तिथे बसून होता.

"स्लाइडवर जयरामच्या एका कापाला जागा आहे. जबरदस्ती नाही, काका. तुम्ही नको म्हणालात तर कुणी हात लावणार नाही. ठोकळा तुमच्याजवळ राहील."

ओव्हनचा बारीक घुंई असा आवाज चालू होता.

"ती पोर वाचेल?"

"नीट औषध मिळालं तर आशा आहे. खात्री नाही."

"मला काय निघालं ते तू सांगशील? दोकतेर नको. तू."

"मी सांगेन. जे असेल ते."

त्यानं ठोकळा तिच्या तळहातावर ठेवला.

द्रवाचा थेंब टाकलेली स्लाइड रात्रभर फ्रीजमध्ये राहिली. शुक्रवारी सकाळी विद्यावतीनं उरलेल्या पायऱ्या स्वतःच्या हातानं पार पाडल्या. प्रेमचंद शेजारी उभा राहून मिनिटं मोजत होता. अकरा वाजून दहा मिनिटांनी स्लाइड सूक्ष्मदर्शकाखाली गेली. डॉक्टर राधाकृष्ण त्याच सूक्ष्मदर्शकाच्या दुसऱ्या, जोडीनं पाहायच्या भिंगाशी बसले.

आधी कड. निरोगी स्नायू तपकिरी, रेघ न रेघ उठलेली. द्रव जिवंत होतं. मग गाठ. लहान गोल पेशी, आणि त्यांच्या कडाकडांनी तोच तपकिरी रंग. एकीत नाही, दोघींत नाही, शेकडोंत.

"स्नायूचा," डॉक्टर म्हणाले. त्यांनी समोरचा तयार अहवाल घेतला आणि उभा फाडला. "शनिवारचं औषध थांबवा. मी वॉर्डमध्ये फोन करतो."

मग विद्यावतीनं स्लाइड सरकवली.

जयरामच्या गाठीच्या पेशी लांबट होत्या, घाईनं वाढल्यासारख्या, इकडेतिकडे पसरलेल्या. त्यांच्यामधून स्नायूचे दोन-चार निरोगी धागे जात होते. ते धागे तपकिरी होते. गाठीच्या पेशी निळ्या. सगळ्या निळ्या.

डॉक्टरांनी भिंग बदललं, पुन्हा पाहिलं. तेरा वर्षांपूर्वी पाहिलेली तीच गाठ ते आता निराळ्या डोळ्यांनी पाहत होते.

"काही गाठी अशा भराभर वाढतात," ते अखेर म्हणाले, "आणि आपोआप विरून जातात. दिसतात मात्र कर्करोगासारख्या. त्या वेळी असल्या गाठी मी फक्त पुस्तकात वाचल्या होत्या. नुसत्या निळ्या रंगावरून मी हे म्हणणार नाही. पण आता सगळं मिळून पाहतो, तेव्हा..." ते थांबले. "पाय काढायची गरज नव्हती. तुम्ही सांगितलंत ना, तो म्हणत होता, दुखत नाही आता."

"सर, सांगायचं मी कबूल केलं आहे."

"तुम्ही सांगा. मी सोबत येतो. बाटल्यांबद्दल अहवाल द्यावाच लागेल, पण त्यात आणखी एक नोंद माझ्या चुकीची असेल. ती आधी."

बाबूराव दालनात बाकावर बसला होता. विद्यावती त्याच्या शेजारी बसली आणि साध्या शब्दांत सगळं सांगितलं. शब्द बदलले नाहीत, मऊ केले नाहीत. डॉक्टर समोर उभे राहिले आणि म्हणाले, "चूक माझ्या डोळ्यांची होती. तुम्ही माझं ऐकलंत." बाबूराव त्यांच्याकडे पाहत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही. धुक्यात उभ्या झाडावर हलत नाही तसं.

"तो खरं बोलत होता तर," एवढंच तो म्हणाला.

मग तो उठला. विद्यावतीला वाटलं बरण्यांच्या खोलीकडे जाईल. पण तो मागच्या दारानं अंगणात उतरला आणि मुलांच्या वॉर्डकडे चालू लागला. ती थोडं अंतर ठेवून मागे गेली. आज त्याला एकटं सोडायला तिचं मन होईना.

वॉर्डच्या टोकाच्या खाटेवर सुनयना झोपली होती. तिची आई, जमुना, खाटेच्या लोखंडाला टेकून बसली होती. बाबूराव समोर उभा राहिला आणि हात खाली सोडून त्यानं सगळं सांगितलं. बाटल्या त्यानं बिघडवल्या. तिच्या पोरीचे तीन दिवस त्याच्यामुळे गेले. बुधवारी कळूनही तो गप्प राहिला. मग त्यानं का ते सांगितलं. जयरामचं नाव घेतलं, त्याला केसांना धरून ओढल्याचं सांगितलं, आणि आजचा निकालही.

जमुनानं मध्ये एकदाही अडवलं नाही. तो थांबल्यावर तिनं विचारलं, "आता जे औषध देणार, ते बरोबर?"

"बरोबर," दारातून विद्यावती म्हणाली.

जमुना बराच वेळ बाबूरावकडे बघत होती. तिचा जबडा घट्ट होता. विद्यावतीला वाटलं, ती आता त्याला घालवून देईल, आणि तसं केलं तर कुणी तिला बोल लावणार नाही.

"मी मंगळवारपासून झोपले नाय," जमुना म्हणाली. "तिचा बाप बोटीवर हाय, त्याला निरोप पाठवायचा. खाली जाऊन येते." ती उठली, पदर नीट केला, आणि स्टूल पायानं त्याच्याकडे सरकवलं. "इथं बसा. तिचे केस ओढू नका, ती घाबरते. उठली तर पाणी द्या."

बाबूराव स्टुलावर बसला. दोन्ही हात त्यानं गुडघ्यांवर ठेवले, आणि पोर कूस बदलेपर्यंत ते तिथून हलवले नाहीत.